अणू केंद्राचा, जमीन राज्याची: तारापूर ते भिवंडी

अणुऊर्जा हा भारताच्या राज्यघटनेत केवळ केंद्राचा विषय आहे. वीज हा केंद्र आणि राज्य या दोघांचा सामाईक विषय आहे. जमीन, पाणी, पोलीस आणि सार्वजनिक आरोग्य हे राज्याचे विषय आहेत. अणुवीज केंद्राला मात्र या सगळ्यांची एकाच वेळी गरज लागते. त्यामुळे भारतातील अणुऊर्जेच्या नियमनाचा इतिहास म्हणजे कागदावर एका हाती दिलेला अधिकार आणि प्रत्यक्षात अनेक हातांवर पडलेली जबाबदारी यांचा इतिहास आहे. तो समजून घ्यायला जुन्या ठाणे जिल्ह्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. देशातले पहिले अणुवीज केंद्र तारापूरला, म्हणजे याच जिल्ह्याच्या उत्तर किनाऱ्यावर उभे राहिले. यंत्रमागांचे शहर भिवंडी त्याच जिल्ह्यात, सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटरवर. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा वेगळा जिल्हा झाला. तोवर, तारापूरची वीज सुरू झाल्यापासून जवळजवळ पंचेचाळीस वर्षे, अणुभट्टीशेजारचा मच्छीमार आणि भिवंडीच्या निजामपुऱ्यातला मागवाला या दोघांचा जिल्हाधिकारी एकच होता.

एकाधिकाराची सुरुवात: १९४८

अणुऊर्जेवर केंद्राचा ताबा राज्यघटना लागू होण्याआधीच बसला. ६ एप्रिल १९४८ रोजी जाहीर झालेल्या औद्योगिक धोरणाच्या ठरावात तीन क्षेत्रे पूर्णपणे केंद्र सरकारसाठी राखून ठेवली होती: शस्त्रास्त्रे व दारूगोळा, अणुऊर्जेचे उत्पादन व नियंत्रण, आणि रेल्वे. त्याच महिन्यात पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी मांडलेले अणुऊर्जा विधेयक संविधान सभेने कायदेमंडळ म्हणून भरलेल्या बैठकीत मंजूर केले. युरेनियम, थोरियम यांसारखी खनिजे, त्यांवरचे संशोधन आणि त्यासंबंधीची माहिती या सर्वांवर या कायद्याने केंद्राचा अधिकार प्रस्थापित केला.

विधेयकावरच्या चर्चेत एक महत्त्वाचा आक्षेप घेतला गेला. ब्रिटनच्या कायद्यात गुप्ततेचे बंधन संरक्षणाशी निगडित संशोधनापुरते आहे, मग भारतात ते शांततेच्या कामालाही का, असे एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी विचारले. शांततामय वापर आणि संरक्षणविषयक वापर यांच्यात नेमकी रेघ कशी ओढायची हे आपल्याला सांगता येत नाही, अशा आशयाचे उत्तर नेहरूंनी दिले. ती रेघ ओढली गेली नाही, आणि पुढची अनेक दशके राज्य सरकारे, न्यायालये आणि नागरिक यांना या क्षेत्रातली माहिती मिळण्यात अडथळा येत राहिला.

१० ऑगस्ट १९४८ रोजी होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली अणुऊर्जा आयोग स्थापन झाला. ३ ऑगस्ट १९५४ रोजी अणुऊर्जा विभाग निर्माण करून तो थेट पंतप्रधानांच्या हाताखाली ठेवण्यात आला. त्याच वर्षी तुर्भ्याच्या किनाऱ्यावर, म्हणजे ट्रॉम्बेला, अणुसंशोधनाचे केंद्र सुरू झाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तिथली अप्सरा ही भट्टी कार्यान्वित झाली. सत्तेची साखळी आखूड आणि सरळ होती. पंतप्रधान, विभागाचे सचिव आणि शास्त्रज्ञ, इतकीच. त्यात मुंबई राज्याच्या सरकारला कुठेही औपचारिक स्थान नव्हते.

सातवी अनुसूची

१९५० च्या राज्यघटनेने हीच मांडणी कायम केली. सातव्या अनुसूचीत विषयांच्या तीन याद्या आहेत. केंद्र सूचीतील सहावी नोंद अणुऊर्जा आणि तिच्या निर्मितीसाठी लागणारी खनिजे यांची आहे. राज्य सूचीतील सहावी नोंद आहे सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये यांची. त्याच राज्य सूचीत सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस, पाणी, जमीन आणि मासेमारी हे विषय आहेत. समवर्ती सूचीतील अडतिसावी नोंद विजेची आहे. १९३५ च्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया ॲक्टमध्येही वीज समवर्ती सूचीतच होती.

विजेवरचा कर मात्र राज्यांकडे गेला. राज्य सूचीतील त्रेपन्नाव्या नोंदीनुसार विजेच्या वापरावर किंवा विक्रीवर कर बसवण्याचा अधिकार राज्यांना आहे. त्यालाही २८७ व्या अनुच्छेदाची मर्यादा आहे: केंद्र सरकारने स्वतः वापरलेल्या विजेवर, संसदेने मुभा दिल्याखेरीज, राज्याला कर लावता येत नाही.

या वाटणीचा परिणाम असा झाला की अणुभट्टी बांधायची की नाही, कोणत्या तंत्राची बांधायची आणि ती कशी चालवायची हे ठरवणे पूर्णपणे केंद्राच्या हाती राहिले. पण ती ज्या जमिनीवर उभी राहणार ती जमीन, तिथे जाणारा रस्ता, कुंपणाबाहेरचा बंदोबस्त आणि शेजारच्या गावातला दवाखाना ही सगळी राज्याची कामे राहिली.

१९६२ चा कायदा आणि तारापूर

वीजनिर्मिती हाताशी येऊ लागली तसा १९४८ चा कायदा अपुरा पडू लागला. त्याच्या जागी अणुऊर्जा अधिनियम १९६२ आला. तो २१ सप्टेंबर १९६२ पासून लागू झाला. त्यातले बाविसावे कलम केंद्र-राज्य संबंधांच्या दृष्टीने कळीचे होते. त्या काळी विजेचा बहुतांश व्यवहार १९४८ च्या वीज (पुरवठा) कायद्यानुसार राज्य वीज मंडळांच्या हाती होता. बाविसाव्या कलमाने अणुविजेपुरता या व्यवस्थेला अपवाद केला. अणुवीज केंद्रांबाबतचे राष्ट्रीय धोरण ठरवणे, त्यांच्या विजेचे दर निश्चित करणे आणि तिच्या पुरवठ्याचे नियमन करणे हे अधिकार केंद्राकडे आले. दराच्या बाबतीत केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सहमतीची अट होती. राज्य वीज मंडळांशी समन्वय साधायचा होता. दर ठरवण्याचा अधिकार मात्र त्यांना नव्हता.

भारत आणि अमेरिका यांच्यात ८ ऑगस्ट १९६३ रोजी तारापूरसंबंधी करार झाला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उकळत्या पाण्याच्या दोन भट्ट्या उभारल्या. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी त्यांचे व्यापारी उत्पादन सुरू झाले आणि १९ जानेवारी १९७० रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते केंद्राचे लोकार्पण झाले. मुळात प्रत्येकी २१० मेगावॉटच्या या भट्ट्यांची क्षमता पुढे १६० मेगावॉट धरली गेली.

तारापूरच का, याचे उत्तर कोळशात आहे. भारताच्या कोळसाखाणी पूर्वेला आणि मध्य भागात. मुंबई आणि अहमदाबाद ही गिरण्यांची शहरे मात्र त्यांपासून शेकडो किलोमीटर दूर. इतक्या लांबवर कोळसा वाहून आणण्यापेक्षा अणुवीज परवडेल, असा भाभांचा युक्तिवाद होता. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची महाराष्ट्र आणि गुजरात अशी दोन राज्ये झाली होती आणि तारापूर त्यांच्या नव्या सीमेजवळ होते. पहिल्या दोन भट्ट्यांची वीज या दोन राज्यांत निम्मी-निम्मी वाटली गेली. केंद्राने बांधलेली, केंद्राच्या मालकीची आणि राज्यांना वीज पुरवणारी ही व्यवस्था पुढच्या अणुवीज केंद्रांचा नमुना ठरली.

१९८७ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन सरकारी कंपनीमार्फत अणुवीज निर्माण करण्याची तरतूद झाली आणि त्या सप्टेंबरमध्ये भारतीय अणुऊर्जा महामंडळ अस्तित्वात आले. तारापूरची मालकी आणि कामकाज या महामंडळाकडे गेले. २००५ मध्ये तारापूरची चौथी आणि २००६ मध्ये तिसरी भट्टी व्यापारी उत्पादन करू लागली. प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या या दोन्ही भट्ट्या देशी बनावटीच्या, जड पाण्यावर चालणाऱ्या आहेत. त्यांच्यामुळे तारापूरची एकूण क्षमता १,४०० मेगावॉट झाली.

अक्करपट्टी आणि पोफरण

तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठवावी लागली. केंद्र आणि राज्य यांच्यातली कामाची विभागणी नेमकी कशी असते हे इथे स्पष्ट दिसते. प्रकल्प केंद्राच्या कंपनीचा होता. पण घरांची मोजणी करणारा तलाठी, संपादनाची नोटीस काढणारा प्रांत अधिकारी, नवे गावठाण आखणारे पुनर्वसन कार्यालय आणि घरे रिकामी करताना हजर असलेले पोलीस हे सगळे राज्याचे होते. घटनेच्या २५८ व्या अनुच्छेदानुसार केंद्राला आपले काम राज्याच्या संमतीने राज्याच्या अधिकाऱ्यांकडे सोपवता येते. भूसंपादनात हे नेहमीच घडत आले आहे. पुनर्वसनासाठी महाराष्ट्राचा स्वतःचा प्रकल्पबाधितांचा कायदाही आहे.

अक्करपट्टी-पोफरणच्या पुनर्वसनाचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि तो वर्षानुवर्षे चालला. विस्थापित माणसाच्या दृष्टीने ही विभागणी फार जाचक ठरते. भट्टीविषयी विचारावे तर राज्याचा अधिकारी केंद्राकडे बोट दाखवतो. नव्या घराविषयी, समुद्रापासून तुटलेल्या रोजगाराविषयी विचारावे तर कंपनी राज्याकडे बोट दाखवते. दोघेही आपापल्या कायद्याने बरोबर असतात. गाव मात्र गेलेले असते.

नियामक कोण

भट्टी चालवणारा आणि भट्टीवर देखरेख ठेवणारा वेगळा असावा, हा नियमनाचा पाया आहे. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी राष्ट्रपतींच्या आदेशाने अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. मंडळाचा अधिकार १९६२ च्या कायद्यातून आला, त्याला स्वतःचा कायदा नव्हता. शिवाय ते अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होते आणि आयोगाचे अध्यक्ष हेच अणुऊर्जा विभागाचे सचिव असत. म्हणजे ज्या विभागाच्या भट्ट्या तपासायच्या, त्याच विभागाच्या प्रमुखाकडे अहवाल द्यायचा.

राज्याच्या यंत्रणेला भट्टीच्या कुंपणाआत काय स्थान आहे हे कारखान्यांच्या कायद्यावरून कळते. कामगारांच्या सुरक्षिततेचा १९४८ चा कारखाने अधिनियम देशभर लागू होता. त्याची अंमलबजावणी महाराष्ट्रात राज्याचे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करत असे. भिवंडीत सायझिंगच्या कारखान्यात बॉयलरशेजारी उभ्या कामगाराच्या सुरक्षिततेसाठी राज्याचा निरीक्षक येत असे. अणुऊर्जा विभागाच्या केंद्रांत तोच कायदा १९९६ च्या स्वतंत्र नियमांनुसार नियामक मंडळ राबवत असे. प्रदूषणाच्या बाबतीतही असेच आहे. सामान्य सांडपाणी आणि धूर यांसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. किरणोत्सर्ग मात्र त्या मंडळाच्या कक्षेबाहेर आहे.

गुप्ततेच्या तरतुदीची कसोटीही मुंबईतच लागली. नियामक मंडळाने १९९५ मध्ये देशातील अणुकेंद्रांच्या सुरक्षिततेतील १३० त्रुटींचा अहवाल तयार केला होता. तो उघड करावा म्हणून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ यांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. तिथे यश आले नाही. जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही माहिती रोखण्याचा केंद्राचा १९६२ च्या कायद्याच्या अठराव्या कलमाखालचा अधिकार वैध ठरवला. दरम्यान २००० मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सुविधांवरची देखरेख नियामक मंडळाकडून काढून त्या केंद्राच्या अंतर्गत यंत्रणेकडे देण्यात आली होती.

२०१२ मध्ये भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी नियामक मंडळावर स्वतंत्र अहवाल सादर केला. मंडळाला कायद्याने पुरेशी स्वायत्तता नाही हे त्याचे मुख्य प्रतिपादन होते. त्याआधी फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर २०११ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचे विधेयक लोकसभेत आले होते. २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळले.

एक्स-रेची खोली

अणुऊर्जेचे नियमन म्हणजे फक्त भट्ट्यांचे नियमन नव्हे. निजामपुऱ्यासारख्या दाट वस्तीत अणुकायदा पोहोचतो तो एक्स-रे यंत्रातून. एखाद्या छोट्या रुग्णालयाचा विचार करावा. रुग्णालयाची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखाली भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेकडे. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे. रक्ताने माखलेला कापूस आणि सुया यांच्या विल्हेवाटीसाठी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी. सोनोग्राफीचे यंत्र असेल तर गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली त्याची नोंदणी महापालिकेच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे. शेजारच्या खोलीत एक्स-रेचे यंत्र असेल तर त्याचा परवाना मात्र अणुशक्तीनगरच्या नियामक मंडळाकडून.

त्या खोलीचीही ठरावीक ठेवण असते. भिंती जाड विटेच्या किंवा काँक्रीटच्या, दाराला आतून शिशाचा पत्रा, दारावर यंत्र चालू असताना पेटणारा लाल दिवा, तंत्रज्ञासाठी शिशाचा ॲप्रन आणि पडदा. तंत्रज्ञाच्या छातीवर एक लहानशी पट्टी लावलेली असते. तिच्यातल्या चकत्या अंगावर पडलेल्या किरणांची नोंद साठवतात. दर तीन महिन्यांनी ती पट्टी प्रयोगशाळेत जाते आणि त्या माणसाला किती मात्रा मिळाली हे तिथे मोजले जाते.

सोनोग्राफी आणि एक्स-रे, दोन्ही यंत्रांचे कायदे संसदेचेच आहेत. फरक आहे तो तपासणीला कोण येतो यात. पहिल्या यंत्राची तपासणी त्याच शहरातला अधिकारी करू शकतो, दुसऱ्यासाठी देशभरच्या यंत्रांवर नजर ठेवणारे एक केंद्रीय मंडळ. त्याचा परिणाम २०१२ च्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात नोंदला आहे. देशातील ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी फक्त ५,२७० नियामक मंडळाच्या नियंत्रणाखाली होती. सुमारे ९१ टक्के केंद्रे कोणत्याही देखरेखीशिवाय चालत होती. यावर उपाय म्हणून प्रत्येक राज्यात किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालय स्थापन करायचे आणि तपासणीचे काम त्याच्याकडे द्यायचे, असे ठरले होते. अहवालाच्या वेळेपर्यंत हे काम केरळ आणि मिझोरम या दोनच राज्यांत झाले होते. पुढे नियामक मंडळाने ई-लोरा ही संगणकीय परवाना प्रणाली आणली आणि काही शहरांत प्रादेशिक केंद्रे उघडली.

दुर्लक्षाची किंमत काय असते हे एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत दिसले. विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या उपकरणातला कोबाल्ट-६० भंगाराच्या दुकानात उघडा पडला. कामगार भाजले आणि एकाचा मृत्यू झाला. आजाराची पहिली शंका रुग्णालयात आली, तज्ज्ञ पथके त्यानंतर पोहोचली. गोदामे आणि भंगारपेठा असलेल्या कोणत्याही शहराला हा धडा लागू आहे. पहिला इशारा स्थानिक माणसालाच मिळतो, म्हणून त्याला तो ओळखता आला पाहिजे.

वीजबिलातला अणू

भिवंडीतल्या माणसाला अणुऊर्जा सर्वांत जास्त भेटते ती विजेतून, आणि तिथे ती ओळखूही येत नाही. ग्रिडमध्ये शिरलेली वीज कोळशाची, पाण्याची की अणूची हे वेगळे काढता येत नाही. मागाला ती फक्त सलग हवी असते. वीज गेली की धोटा मध्येच थांबतो, आणि माग पुन्हा सुरू झाला की थांबलेल्या जागी कापडात खूण राहते. ताग्याचा भाव तिथे उतरतो.

राज्यातील वीजव्यवहाराची चौकट अनेकदा बदलली. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले. १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग आला. वीज अधिनियम २००३ नंतर, ६ जून २००५ रोजी, मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या. भिवंडीत विजेची गळती आणि थकबाकी इतकी होती की पुरवलेल्या निम्म्याहून अधिक विजेचे पैसे वसूल होत नव्हते. २६ जानेवारी २००७ पासून महावितरणने भिवंडीचे वितरण फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवर या कंपनीकडे दिले. अशा प्रकारचा हा देशातला सुरुवातीचा आणि सर्वांत गाजलेला प्रयोग ठरला.

मागवाल्याच्या हातातले बिल नीट वाचले तर त्यात सातव्या अनुसूचीच्या तिन्ही याद्या सापडतात. स्थिर आकार, वीज आकार आणि वहन आकार हे राज्याच्या नियामक आयोगाने ठरवलेले, म्हणजे समवर्ती सूचीतून आलेले. वीज शुल्क आणि वीज विक्री कर हे राज्य सूचीतले. त्यांची मुळे १९५८ आणि १९६३ च्या राज्य कायद्यांत आहेत. यंत्रमागांना मिळणारी सवलत हा राज्याच्या धोरणाचा भाग आहे. आता वीज आकाराच्या पोटात शिरावे. महावितरण जी वीज विकत घेते तिच्यात तारापूर आणि काक्रापार या अणुकेंद्रांचा वाटा असतो. औष्णिक किंवा जलविद्युत केंद्राचा दर केंद्रीय किंवा राज्य नियामक आयोगापुढे जाहीर सुनावणीने ठरतो आणि ग्राहकाला तिथे हरकत घेता येते. २००३ च्या वीज अधिनियमाच्या १७३ व्या कलमाने मात्र अणुऊर्जा अधिनियम १९६२ या कायद्याला वरचढ ठेवले. त्यामुळे अणुविजेचा दर अणुऊर्जा विभागाने ठरवायचा आणि राज्य आयोगाने तो खर्च म्हणून धरायचा, अशी पद्धत चालत आली. निजामपुऱ्यातला मागवाला आयोगापुढे सगळ्या दरांवर बोलू शकत होता. अणुविजेचा दर तेवढा त्याच्या बोलण्याच्या कक्षेबाहेर राहिला.

अमेरिकेतील वाट

हाच प्रश्न अमेरिकेत वेगळ्या रीतीने सुटला. १९४६ च्या कायद्याने तिथेही सगळा अधिकार संघराज्य सरकारकडे घेतला होता. १९५४ मध्ये खासगी वीज कंपन्यांना वाव मिळाला आणि १९५९ मध्ये कायद्यात एक महत्त्वाची भर पडली. रुग्णालये आणि उद्योग यांतील किरणोत्सर्गी पदार्थांचे नियमन संघराज्य सरकार करार करून एखाद्या घटक राज्याकडे सोपवू शकते, अशी ही तरतूद होती. १९६२ मध्ये केंटकीने पहिला करार केला. पुढे बहुसंख्य राज्ये या व्यवस्थेत आली. अणुभट्ट्यांची सुरक्षितता मात्र संघराज्य सरकारच्याच हाती राहिली.

कॅलिफोर्नियाने १९७६ मध्ये कायदा केला की अणुकचऱ्याची कायमची विल्हेवाट लावण्याची मान्यताप्राप्त सोय होईपर्यंत राज्यात नवी अणुभट्टी उभारू द्यायची नाही. वीज कंपनीने त्याला आव्हान दिले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये कायदा वैध ठरवला. किरणोत्सर्गापासूनच्या सुरक्षिततेचा विषय संघराज्याचा आहे, पण वीज कोणत्या प्रकारची घ्यावी आणि ती परवडते का हे ठरवण्याचा राज्याचा परंपरागत अधिकार शाबूत आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्याआधी मार्च १९७९ मध्ये थ्री माइल आयलंडच्या अपघातात, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांनी पाच मैलांच्या परिघातून बाहेर पडावे, असा सल्ला पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरनेच दिला होता. जर्मनीत तर अणुभट्ट्यांचे परवाने आणि देखरेख हे काम संघराज्याच्या वतीने घटक राज्येच पाहत आली.

जैतापूर आणि राज्याचा नकाराधिकार

भारतात राज्यांना असा कायदेशीर अधिकार नाही, तरी त्यांचा शब्द अनेकदा निर्णायक ठरला. तो जमिनीतून आला. पश्चिम बंगालमधील हरिपूरचा प्रकल्प राज्य सरकारने २०११ मध्ये नाकारला आणि तो उभा राहिला नाही. तमिळनाडूच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०११ मध्ये लोकांच्या शंका दूर होईपर्यंत कुडनकुलम अणुप्रकल्पाचे काम थांबवण्याचा ठराव केला आणि मार्च २०१२ मध्ये त्याच राज्याने काम सुरू करायला होकार दिला.

महाराष्ट्राने उलट भूमिका घेतली. रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यात जैतापूरजवळ मौजे माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे आणि वरीलवाडा इथली सुमारे ९३८ हेक्टर जमीन राज्याच्या महसूल यंत्रणेने संपादित केली. फ्रेंच बनावटीच्या, प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्यांची ही योजना. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ३५ अटींसह तिला मंजुरी दिली. ग्रामसभांचे ठराव विरोधात होते. साखरीनाट्याच्या मच्छीमारांना भट्टीतून बाहेर पडणाऱ्या गरम पाण्याने मासळी दूर जाईल ही भीती होती. एप्रिल २०११ मध्ये आंदोलनावर झालेल्या गोळीबारात एका मच्छीमाराचा मृत्यू झाला. भट्टी केंद्राची, तंत्रज्ञान फ्रान्सचे, बंदूक मात्र राज्याच्या पोलिसांची. या प्रकल्पाबाबत सर्वांत कमी निर्णय घेणाऱ्या यंत्रणेवर सर्वांत कडू काम येऊन पडले. २०२५ पर्यंत तिथे एकही भट्टी उभी राहिलेली नव्हती.

आपत्तीची वेळ

संकटाच्या नियोजनात हा विरोधाभास अधिक ठळक होतो. तारापूरसारख्या केंद्राभोवती तीन कक्षा आखलेल्या असतात. सुमारे १.६ किलोमीटरचे वर्ज्य क्षेत्र अणुवीज केंद्राच्या ताब्यात असते. पाच किलोमीटरपर्यंतच्या क्षेत्रात लोकवस्तीच्या वाढीवर प्रशासनाने लक्ष ठेवायचे असते. सोळा किलोमीटरपर्यंतच्या क्षेत्रासाठी आपत्कालीन योजना तयार ठेवावी लागते. कुंपणाआतल्या संकटाची जबाबदारी अणुवीज केंद्र चालवणाऱ्यांची. ते कुंपणाबाहेर आले की सूत्रे जिल्हाधिकाऱ्याकडे जातात. आयोडीनच्या गोळ्या वाटणे, एसटीच्या गाड्या जमवणे, शाळांत निवारा उघडणे, दूध आणि मासळी यांच्या विक्रीवर बंदी घालणे, ही सगळी कामे त्याची. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपदही त्याच्याकडेच दिले.

भिवंडी सोळा किलोमीटरच्या कक्षेच्या बरीच बाहेर आहे. पण मोठ्या संकटात माणसे आणि वाहने ज्या रस्त्यांनी हलतील ते मुंबई-अहमदाबाद आणि मुंबई-नाशिक महामार्ग याच पट्ट्यातून जातात. २०१४ नंतर तारापूर पालघरच्या जिल्हाधिकाऱ्याकडे गेले आणि भिवंडी ठाण्याच्याच जिल्हाधिकाऱ्याकडे राहिली, त्यामुळे समन्वयाची गरज एका पायरीने वाढली. ज्या अधिकाऱ्याने अशा वेळी निर्णय घ्यायचा, त्याला भट्टीच्या सुरक्षिततेविषयी शांततेच्या काळातही पुरेशी माहिती मिळायला हवी. ही मागणी केवळ राज्याच्या प्रतिष्ठेची नाही, ती लोकांच्या जिवाची आहे.

नवा कायदा

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेचा नवा कायदा संमत केला. तो 'शांती' या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. १९६२ चा अणुऊर्जा अधिनियम आणि अणुहानीच्या भरपाईचा २०१० चा कायदा या दोन्हींची जागा त्याने घेतली. अणुवीज निर्मितीचे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले आणि नियामक मंडळाला प्रथमच थेट कायद्याचा आधार मिळाला. त्याआधी, एप्रिल २०२५ मध्ये, महानिर्मितीने थोरियमवर चालणाऱ्या लहान भट्टीसाठी रशियाच्या रोसाटॉम कंपनीशी सामंजस्य करार केला होता. जमीन देणारे राज्य म्हणून असलेल्या महाराष्ट्राने अणुवीज निर्माण करणारे राज्य होण्याच्या दिशेने टाकलेले ते पहिले पाऊल.

घटनेतली वाटणी मात्र बदललेली नाही. अणुऊर्जा केंद्र सूचीतच आहे आणि किरणोत्सर्गाच्या सुरक्षिततेसाठी देशभर एकच मापदंड असणे योग्यही आहे. किरणांना जिल्ह्याची हद्द कळत नाही. पण मापदंड एक असणे म्हणजे त्याची अंमलबजावणी एकाच कार्यालयातून होणे असे नाही. सोनोग्राफीच्या यंत्राबाबत संसदेचा कायदा महापालिकेचा अधिकारी राबवतो, हे भिवंडीत रोज घडते. एक्स-रेच्या तपासणीसाठी राज्य संचालनालय, अणुविजेच्या दरावर जाहीर सुनावणी आणि आपत्ती नियोजनासाठी जिल्हाधिकाऱ्याला भट्टीची पूर्ण माहिती, या तिन्ही गोष्टी अणुऊर्जा केंद्राकडे ठेवूनही करता येण्याजोग्या आहेत. १९४८ पासूनच्या या इतिहासात जमीन, पोलीस, दवाखाना आणि बिल यांचा भार राज्याने आणि गावांनी उचलला आहे. त्या भाराच्या प्रमाणात त्यांना माहिती आणि म्हणणे मांडण्याची जागा मिळणे हे या व्यवस्थेतले राहिलेले काम आहे.